कोविडमधला गॅप रेझ्युमेत काय लिहायचा? आणि हे बायकांच्याच वाट्याला का आलं?

चिंचवडकरीण

नमस्कार मंडळी, एरवी मी इथं नुसती वाचते, आज विचारायचंच म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

मी बीकॉम, टॅली आणि सॅप दोन्ही येतं, भोसरीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्सला होते. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं आणि आम्हाला लॅपटॉप घरी दिले. सासरे डायलिसिसवर, लेक दुसरीत आणि तिची शाळा माझ्या मोबाईलवर. दार लावून बसता येईल अशी खोली एकच, ती नवऱ्याला, कारण त्याचे क्लायंट कॉल. मी डायनिंग टेबलवर. मंथ एंडच्या कॉलवर मागं कुकरची शिट्टी झाली की आमचे मॅनेजर म्हणायचे 'काय मॅडम, आज काय बेत?' सगळे हसायचे, मीपण हसायचे. कामवाल्या मावशींना सोसायटीनं गेटवरच अडवलेलं, त्यामुळं भांडी फरशी आलंच, शिवाय भाज्या सोड्याच्या पाण्यात घाला, दुधाच्या पिशव्या धुवा, आठवतंय ना सगळं. सासऱ्यांना न्यायचं तर रिक्षा नाही, आणि सेंटरवाले म्हणणार आधी कोविडचा रिपोर्ट दाखवा. शेवटी गणपतीच्या सुमारास राजीनामा दिला. 'वैयक्तिक कारणास्तव', फॉरमॅट एचआरनेच पाठवलेला. घरात कुणी सोड म्हणालं नाही हो, खोटं कशाला बोलू. नवरा एवढंच म्हणाला, तुला झेपत नसेल तर बघ.

आता सासरे नाहीत, लेक सातवीत. गेल्या वर्षापासून अर्ज करतेय, आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच, एवढी वर्षं घरी काय केलंत?

तर एक, रेझ्युमेत काय लिहू? आणि दुसरं, दिवाळीत नणंदेकडे हा विषय निघाला तेव्हा तिचे मिस्टर म्हणाले, कोविडनं सगळ्यांचीच वाट लावली, त्यात बाई काय नि पुरुष काय. मला तिथं काही बोलताच आलं नाही. खरंच काही फरक होता का, का मलाच वाटतंय?

---

प्राची_ह

एचआरमध्ये आहे म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. 'करिअर ब्रेक, घरातील रुग्णाची देखभाल' आणि कधीपासून कधीपर्यंत, बास, एका ओळीत. 'पर्सनल रीझन' अजिबात नको, वाचणारा मनातल्या मनात पाच गोष्टी रचतो. त्या काळात एखादा कोर्स, कुणाची अकाउंट्स, सोसायटीचा हिशोब, काहीही केलं असेल तर वेगळं लिहा. मोठ्या कंपन्यांत ब्रेकनंतर परत येणाऱ्या बायकांसाठी वेगळी भरती असते पण ती बहुतेक आयटीची, अकाउंट्सला कमीच बघितलीय.

आणि आता एचआरची टोपी काढून सांगते. त्याच २०२० मध्ये काढून टाकलेला पुरुष समोर बसतो, म्हणतो कोविडमध्ये ले-ऑफ झाला, आणि पॅनेल मान हलवतं, हो हो वाईट काळ होता. बाई म्हणाली मी सोडली, की लगेच, परत सोडणार नाही ना? काळ तोच, आजार तोच. तुमचा राजीनामा आहे त्यामुळं तुमचं नुकसान झालंय हे कुठल्याच कागदावर दिसत नाही.

---

आकडेबाज

चिंचवडकरीण, तुमच्या नणंदेच्या मिस्टरांना हे वाचून दाखवा.

अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२१ चा रोजगाराचा अहवाल आहे. त्यांनी तीच तीच माणसं लॉकडाऊनच्या आधी आणि नंतर धरून बघितली. पहिल्या लॉकडाऊनमध्ये आणि त्यानंतरच्या महिन्यांत पुरुषांपैकी ६१ टक्के कामावर टिकले, आणि ज्यांचं काम गेलं ते २०२० संपेपर्यंत परत मिळालंच नाही असे ७ टक्के. बायकांत टिकल्या १९ टक्के. गेल्या त्या वर्षअखेरपर्यंत आल्याच नाहीत अशा ४७ टक्के. सात आणि सत्तेचाळीस! सगळ्यांची वाट लागली हे खरंच आहे, पण पुरुषाची वाट काही महिन्यांनी परत रस्त्याला लागली.

आता हे काय अचानक आकाशातून पडलं नाही. सरकारचंच २०१९ चं वेळवापर सर्वेक्षण आहे, म्हणजे कोविडच्या आधीचं वर्ष. स्वयंपाक, भांडी, धुणं, झाडलोट असलं घरचं बिनपगारी काम दिवसात थोडं तरी करणाऱ्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. जे करतात त्यांचाही वेळ बघा, बाईचे दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषाचे ९७. म्हणजे पाच तासांची एक शिफ्ट बायका आधीच करत होत्या, मग शाळा बंद, पाळणाघर बंद, मावशी बंद, आजारी माणूस घरात, हे सगळं त्या पाच तासांवर येऊन पडलं. यात बाईच्या ऑफिसला जागा उरेल कुठून. आणि हाच सर्व्हे २०२४ ला परत झाला तेव्हा बायका २८९, पुरुष ८८. लॉकडाऊनमध्ये भांडी घासतानाचे फोटो टाकणारे पुरुष मग गेले कुठे ते त्यांनाच ठाऊक.

एक उलटी गोष्टपण सांगतो नाहीतर कुणीतरी येऊन तोंडावर मारेलच. सरकारी श्रमबल सर्वेक्षणात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण कोविडमध्ये वाढलेलं दिसतं. २०१८-१९ ला साडेचोवीस टक्के, २०२०-२१ ला साडेबत्तीस. पेपरात बातम्या आल्या, बघा बायका पुढे चालल्या. पण ही वाढ कुठली तर मुख्यतः खेड्यातली, शेतीतली, स्वतःचा बारीकसारीक धंदा, आणि घरच्या शेतात नाहीतर दुकानात बिनपगारी मदत. नवऱ्याची शहरातली नोकरी गेली, दोघं गावी आले आणि ती रानात उतरली, की झाली ती 'काम करणारी'. पगाराच्या नोकऱ्या काही त्या हिशोबानं वाढल्या नाहीत.

---

रोखठोक_नाना

सगळं वाचलं. आकड्यांशी भांडण नाही. पण एक विचारतो, कोविडमध्ये मेले जास्त कोण? पुरुष. ऑक्सिजन सिलिंडरसाठी रात्रभर लायनीत कोण उभं होतं, पुरुष. अंत्यविधीला गेले ते पुरुषच. नाशिक हायवेवरून चालत निघालेले मजूर आमच्या घरासमोरून गेलेत, त्यांच्या पायांकडं बघवत नव्हतं. माझा स्वतःचा पगार आठ महिने अर्धा होता आणि ईएमआय पूर्ण. प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष केलंच पाहिजे का? घर दोघांचं असतं, संकट आलं की एकजण बाहेर बघतो, एकजण आत. ज्याचा पगार जास्त त्याची नोकरी ठेवायची हा साधा व्यवहार आहे.

---

ठाकुर्ली_स्लो

नाना, व्यवहार बरोबर आहे हो, पण मग बाईचा पगारच कमी का असतो हे विचारलं की तुम्ही म्हणणार विषय भरकटला 😀

मी दादरला एका कपड्यांच्या होलसेल दुकानात बिलिंगला होते. लॉकडाऊन उठलं, दुकान उघडलं, पण लोकल फक्त अत्यावश्यक सेवेला. डोंबिवलीहून बसनं दादर म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा, अडीच तास जायला नि परत येताना देव जाणे. मग नवरात्रात, २१ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बायकांना लोकल उघडली. केवढं कौतुक झालं, देवीचा प्रसाद वगैरे. आणि वेळ काय दिली? सकाळी ११ ते दुपारी ३, आणि संध्याकाळी ७ नंतर. आता सांगा, अकराला डोंबिवलीला गाडीत चढणारी बाई साडेबाराला दुकानात पोचणार, आणि सात वाजेपर्यंत दादर स्टेशनच्या बाहेर उभी राहणार. कुठल्या मालकाला चालेल? ही वेळ ज्यानं ठरवली त्याच्या मते बायका लोकलनं फक्त खरेदीला नाहीतर माहेरी जातात. माझ्या मालकानं दिवाळीपर्यंत चालवून घेतलं मग म्हणाला ताई तुम्ही परिस्थिती सुधारली की या. नव्या वर्षात माझ्या जागी मुलगा घेतला, तो दुकानातच माळ्यावर झोपायचा.

आणि चिंचवडकरीण, राग मानू नका, तुमच्या पोस्टमधल्या त्या मावशींचं कुणी विचारलंच नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे ज्या यायच्या त्यांची चार कामं होती. दोन घरांनी पहिले दोन महिने पैसे दिले, मग एकानं सांगितलं आता आम्हाला सवय झाली, नको येऊ. बाकीच्यांनी वॉशिंग मशीन नि ते गोल फिरणारं पुसायचं मशीन घेतलं. २०२१ च्या एप्रिलात सरकारनं घरकाम करणाऱ्यांना १५०० रुपये जाहीर केले, पण ते नोंदणी असलेल्यांना. घरेलू कामगार मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ पासून आहे, मावशींना असलं मंडळ असतं हेच ठाऊक नव्हतं, आणि नोंदणीला मालकांचा दाखला लागतो म्हटल्यावर तो मागायचा कुणाकडं, ज्यांनी काढलं त्यांच्याकडं? त्यांनी मास्क शिवून विकले मग काही दिवस. त्यांचा तर राजीनामापण नाही, नुसतं गेटवर नाव खोडलं रजिस्टरमधलं.

---

चिंचवडकरीण

राग कसला. आमच्या मावशींना आम्ही तीन महिने पैसे दिले, नंतर माझाच पगार बंद झाला. त्या आता दुसऱ्या सोसायटीत जातात एवढं माहीत आहे.

---

आशा_जत

मी आशा सेविका आहे, गावात घरोघरी आरोग्याचं काम करते, जत तालुका सांगली जिल्हा. मोबाईलवर लिहिते चुकलं तर समजून घ्या. तुम्ही नोकरी सुटली म्हणता आमचं उलटं झालं काम सुटता सुटंना. २०२० ला मुंबई पुण्याहून लोक गावाकडं आली त्यांच्या याद्या आम्ही केल्या कोण कधी आलं हातावर शिक्का आहे का घरात वेगळी खोली आहे का. लोक दारात उभं करायचे नाहीत, एकजण म्हणला तूच रोग घेऊन फिरतीस. मग सप्टेंबरला सरकारची माझे कुटुंब माझी जबाबदारी ही मोहीम आली, पन्नास घरं दिवसाला, टेंपरेचर बघायचं बोटाला ऑक्सिमीटर लावायचा लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी मोबाईलवर भरायचं, रेंज नाही तर टेकडावर जाऊन भरायचं. मास्क सुरवातीला मिळाले ते धुऊन धुऊन वापरले नंतर ओढणीच बांधली. घरी आल्यावर सासूबाई म्हणायच्या बाहेरच आंघोळ कर, ते बरोबरच होतं त्यांचं, वय झालेलं, पण त्या थंडीत दारामागं गार पाण्यानं आंघोळ करून मग चूल पेटवायची आणि पोरं वाट बघत असायची. रात्री फोन चालूच, कुणाला बेड मिळंना कुणाची बाळंतपणाची वेळ झाली पण गाडी नाही. दवाखान्यात जायलाच बायका घाबरत होत्या. तपासणीला चला म्हटलं की म्हणायच्या तिथं गेलं की पॉझिटिव काढत्यात.

आणि पैसे किती तर कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला १००० रुपये. दिवसाला तेहतीस रुपये झाले बघा. थाळ्या वाजवल्या टाळ्या वाजवल्या ते आम्ही पण ऐकलं. १५ जून २०२१ ला राज्यातल्या आशांनी संप केला तेव्हा कुठं १००० वाढले आणि ५०० कोविड भत्ता. संप केल्यावर लोक म्हणले साथ चालू असताना बायकांना संप सुचतो. मग २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांना पुरस्कार दिला, आमच्या आरोग्य केंद्रात पेढे वाटले. त्या महिन्याचं मानधन आमचं थकलेलं होतं. ५००० ची वाढ पुढं २०२४ ला शासनानं मंजूर केली तीपण पुन्हा संप आणि आझाद मैदानात बसल्यावर.

लसीचं पण सांगते. पहिल्यांदा गावात पुरुषच जास्त यायचे लसीला. त्यांना बाजारला जायचं असायचं कामावर दाखला मागायचे. बायकांना त्या वाट्सअपनं घाबरवलेलं की पाळीच्या आधी पाच दिवस नि नंतर पाच दिवस लस घ्यायची नाही. सरकारनं खोटं आहे म्हणून सांगितलं पण मेसेज आधी पोचला होता. पाळी, उपास, मग ताप आला तर स्वयंपाक कोण करणार, हे तिसरं कारण सगळ्यात मोठं. नवऱ्याला ताप आला तर तो झोपतो. आणि गरोदर बायांना तर जुलै २०२१ पर्यंत परवानगीच नव्हती, अंगावर पाजणाऱ्यांना मे मध्ये मिळाली, म्हणजे दुसरी लाट सगळी तशीच गेली त्यांची. मी एकेकीला घेऊन गेले आणि म्हणले तू झोप दोन दिवस मी तुझ्या नवऱ्याशी बोलते. बोलले पण.

---

आकडेबाज

आशाताई, तुमच्या पोस्टपुढं माझे सगळे आकडे फिके आहेत. लसीचं तुम्ही सांगताय ते देशभर दिसलं, २०२१ च्या उन्हाळ्यात सरकारच्या लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर १००० पुरुषांमागे लस घेतलेल्या बायका साडेआठशे ते पावणेनऊशेच्या दरम्यान होत्या. नंतर तो फरक भरून निघाला, आणि तो कुणी भरून काढला ते आत्ताच वाचलं सगळ्यांनी.

नाना, पुरुष जास्त गेले हे खरं आहे, नाकारत कुणीच नाही. तुमचा अर्धा पगारही खरा. पण 'एक बाहेर बघतो एक आत' या वाक्यात आतल्याचं मोल शून्य धरलंय, म्हणून बाहेरचा गेला की आतलीच्या हातात काहीच उरत नाही. कोविडमध्ये ज्यांचे नवरे गेले त्या बायकांबद्दल इथं कोल्हापुरातल्या शिरोळकडचे कुणी असतील तर त्यांनी बोलावं, मला त्या बाजूची माहिती वरवरची आहे.

---

कुरुंदवाडकर

बोलावलंत म्हणून आलो. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. मग राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं. टीव्हीवाल्यांनी सामाजिक सुधारणा म्हणून दाखवलं पण त्याच्या मागं कोविड आहे हे थोड्यांनाच आठवतं. ऐन तिशी चाळिशीतले बाप्ये गेले, तरण्या बायका मागं राहिल्या, ते बघवंना म्हणून हा विषय ग्रामसभेपर्यंत आला.

पण नाना, बांगडीपेक्षा अवघड कागद असतात. माझी चुलत बहीण, नवरा दुसऱ्या लाटेत गेला, टेम्पो होता त्याचा. कोविडनं गेलेल्यांच्या घरच्यांना ५०,००० सानुग्रह मदत सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर जाहीर झाली, तिला फॉर्म भरायला मीच बसलो होतो. मृत्यू दाखल्यावर कारण न्यूमोनिया. आरटीपीसीआरचा रिपोर्ट दिराच्या मोबाईलमध्ये होता आणि तो मोबाईल फुटला. बँक खातं नवऱ्याचं एकट्याचं, टेम्पोच्या कर्जाला मात्र जामीन म्हणून हिची सही, आणि टेम्पो विकायचा तर दिराची परवानगी. शेत सासऱ्याच्या नावावर, सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचं म्हटलं तर घरात तोंडं फिरली. राज्यानं मिशन वात्सल्य काढलं २०२१ मध्ये, तालुक्याला समिती नेमली, अशा बायकांना रेशन, निराधार योजना, वारस नोंद सगळं एका जागी मिळावं म्हणून. कागदावर चांगलं होतं. आम्हाला त्यातून रेशन कार्ड वेगळं करून मिळालं आणि निराधारचे पैसे सुरू झाले. वारस नोंदीला मात्र तलाठ्याकडं चपला झिजवल्या. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीची माणसं बऱ्याच तालुक्यांत होती, त्यांनी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, त्यांचे उपकार आहेत.

ती लग्नाआधी शिवणाचा क्लास चालवायची. लग्नानंतर बंद केला, गरज नाही म्हणाले. आता बचत गटाचं कर्ज काढून मशीन घेतलंय, पण हात बसायला वर्ष गेलं.

---

रोखठोक_नाना

वारस नोंदीचं माझ्या मावसभावाच्या घरी झालंय असंच. तिथं मी सासऱ्यांच्या बाजूनं बसलो होतो खरं तर. शेत तुकडे होतं हा मुद्दा माझा अजूनही आहे. पण टेम्पोच्या कर्जावर तिची सही नि टेम्पो विकायला दिराची परवानगी, हे मात्र अती आहे, हे कुणीही म्हणेल.

पगाराबद्दल जे लिहिलं ते मागं घेत नाही. तुमच्या घरात दोघांत जास्त पगार नवऱ्याचा होता ना ताई? मग वेगळं काय करायला हवं होतं ते सांगा.

---

चिंचवडकरीण

नाना, सांगते. पगारात फरक चार हजाराचा होता. आणि सासरे त्याचे वडील. तीन महिने बिनपगारी रजा दोघांनी आलटून पालटून घेता आली असती, त्याच्या कंपनीत तशी सोय होती हे मला नंतर कळलं, त्यानं विचारलंच नव्हतं, म्हणाला पुरुषानं ह्याकरता रजा मागितली तर काय वाटेल. त्याला मी दोष नाही देत, त्याच्या ऑफिसात खरंच हसले असते. पण माझ्या ऑफिसात हसतच होते की.

@प्राची_ह, तुम्ही कुणाची अकाउंट्स केली असतील तर लिहा म्हणालात. माझ्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे, २०२१ पासून त्याची टॅली आणि जीएसटीची रिटर्न्स मीच करते, दर महिन्याला. पण पैसे कधी घेतले नाहीत, घरचंच म्हणून. हे अनुभवात धरतात का?

---

आकडेबाज

थांबा थांबा. म्हणजे वर मी जे बिनपगारी मदतवाल्या बायका म्हटलं त्यात तुम्हीच आहात की! सर्व्हेवाला आला असता तर कदाचित तुम्हालाही कामकरी धरून गेला असता.

---

प्राची_ह

अहो एवढी वर्षं जीएसटी भरताय आणि रेझ्युमेत गॅप म्हणून लिहिता?! धरतात, नक्की धरतात. 'फ्रीलान्स अकाउंटंट, हार्डवेअर ट्रेडिंग फर्म, २०२१ पासून', खाली टॅली, जीएसटी रिटर्न्स, बँक रिकन्सिलिएशन, वर्षाला ऑडिटच्या वेळी सीएंना काय काय देता ते सगळं. भावाकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या, सही शिक्क्यासकट. आणि पुढच्या महिन्यापासून त्याला बिल लावा.

---

चिंचवडकरीण

पत्र देईल तो. बिलाचं वहिनीसमोर काढते, ती माझ्या बाजूची आहे. किती लावू पण? महिन्याला साधारण दीडशे एन्ट्री असतात.